पाठीचा तुकडा

कल्याणच्या आमच्या घराखाली कोंबडी तळायची खानावळ निघणार हे कळलं, त्या दिवशी सासूबाईंनी देवघराच्या खिडकीला कांबळं ठोकून घेतलं. जागा भाड्याने दिली होती मामंजींनी, तीही त्यांना न विचारता, त्यामुळे राग काढायला बिचाऱ्यांना कांबळंच सापडलं. आम्ही काही शाकाहारी नव्हतो, बरं का. मासे रोजचे होते, रविवारी मटण होतं, पण कोंबडी उंबऱ्याच्या आत यायची नाही असा आमच्याकडे दंडक. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बकरा चालतो आणि कोंबडी बाटवते, यातलं शास्त्र मला आजतागायत उलगडलेलं नाही.

खानावळवाली आली ती भर उन्हात, स्टेशनवरून चालत. कोंबडी तळायची भलीमोठी लोखंडी कढई तिने डोक्यावर पालथी धरली होती, छत्रीसारखी. काखेत मसाल्याची बरणी. मागे तिचा जावई, हातात पोतं आणि मान खाली. आमच्या आळीतली सगळी दारं-खिडक्या उघडल्या. तिने कढई ओट्यावर उतरवली, घाम पुसला आणि मला, म्हणजे दारात उभ्या असलेल्या नव्या सुनेला, पहिला प्रश्न विचारला.

"वयनी, कोलशेत कंचे बाजूला आलं?"

मी अंदाजाने खाडीच्या बाजूला हात केला. तिकडे तोंड करून तिने आपल्या गावदेवीला हात जोडले. पुढे कल्याणात होती तोवर रोज चूल पेटवण्याआधी ती त्याच दिशेला हात जोडत असे. माझी दिशा चुकली असणार, पण देवीने चालवून घेतलं म्हणायचं.

सगळं ठाणं तिला बाय म्हणे, आम्हीही बायच म्हणू लागलो. खरं नाव मला कधी कळलं नाही. कोलशेतची. नवरा मिठागरात कामाला होता, तो लवकर गेला. पदरी एकच लेक, हिरा. बायने ठाण्यात खाडीच्या वाटेवर चूल मांडली आणि मिठागरातल्या माणसांना, गाडीवानांना गावठी कोंबडी तळून घालायला लागली. आधी आलं-लसूण-मिरचीत शिजवायची, मग तांदळाच्या पिठात आणि घरच्या लाल मसाल्यात घोळवून कढईत सोडायची. बरोबर तांदळाची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. नुसत्या वासाने बैलगाड्या थांबायच्या म्हणे. तिची ठाण्याची खानावळ इतकी चालली की तिथे भावाला बसवून तिने कल्याणात दुसरी काढायचं ठरवलं. मामंजींना तिने स्वच्छ सांगितलं होतं, "ह्यं दुकान माजे लेकीचं न् जावयाचं. मी नुसती बसवून देतंय."

तिची बोली ऐकायला मला फार आवडे. तिच्या तोंडात ड म्हणून यायचाच नाही. कोंबडीची कोंबरी, तंगडीची तंगरी, आणि मला म्हणायचं तर माना. आणि त्या तंगडीवरूनच सगळं कल्याण तिच्यावर उठलं.

झालं असं, की बाय तंगडी विकायची नाही. ती वाढायची, आपल्या मर्जीने. पहिल्यांदा आलेल्या माणसाला बाय आधी विचारणार, "कुनाचा तू? गाव कंचा?" आणि मग त्याच्या पानात भली जाडजूड तंगडी ठेवणार. माणूस खूश होऊन जायचा, चारचौघांत सांगायचा, दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन यायचा. मित्राला तंगडी. ह्याला छातीचा तुकडा. आणखी काही दिवस येत राहिला की बरगडी, पंख, आणि चांगला रुळला की पाठ. तीही भाव तोच ठेवून! तुम्हीच सांगा, कुणाचं डोकं फिरणार नाही?

स्टेशनातला एक कारकून होता, तापट. तो एकदा साहेबाला घेऊन आला. साहेबाला तंगडी मिळाली, ह्याच्या पानात बरगडी. तो ताडकन उठला.

"ओ बाई, पैसे मी देणार आहे!"

"द्या की."

"मग मला तंगडी का नाही?"

"तुमी काल आलते ना? परवा बी आलते."

"आलो होतो. मग?"

"मंग?" असं म्हणून बाय त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू उत्तर देऊन झालं आहे. कारकून पाय आपटत निघून गेला. त्याचा साहेब मात्र तंगडी संपवूनच उठला.

तालमीतल्या एका पहिलवानाने तर कमाल केली. तंगडीसाठी झुबकेदार मिशी सफाचट काढली, वर टोपी चढवली आणि नवखा असल्यासारखा येऊन बसला. गाव विचारलं तर म्हणाला, शहापूर. बायने त्याला नीट न्याहाळलं. "मिशी कापलीस, पन दात त्येच हायत," म्हणाली आणि पाठीचा तुकडा वाढला. सगळी खानावळ हसली. पहिलवान रडकुंडीला आला.

लोक म्हणायला लागले, ही बाई लबाड आहे. पहिल्या दिवशी तंगडी दाखवून गिऱ्हाईक पकडते आणि मग हाडं चघळायला लावते. मलाही तेच वाटायचं. जावई हात जोडायचा, "बाय, तंगरीचा येगला भाव लावू. ज्याला पायजे तो घेल." त्यावर ती एकच बोलायची, "तंगरी इकाला ठेवाची असंल तं मी कढई उचलतंय." ठाण्यात म्हणे यावरून कधी कुणी भांडलं नव्हतं. का नव्हतं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. बायलाही कल्याणचे लोक का ओरडतात ते कळेना. "हितली मानसं लय रागीट," एवढंच म्हणायची.

मी मागच्या दाराने खाली जायची. सासूबाई दुपारच्या लवंडल्या की जिना उतरून बायच्या चुलीपाशी. माझी आई मी परकरी होते तेव्हाच गेली, आणि सासरी माझ्याशी कामापुरतंच बोललं जाई. खरं सांगते, कोंबडी हे निमित्त होतं. पहिल्या दिवशी मलाही तिने विचारलं, "माहेर कंचं?" आणि तंगडी ठेवली. दुसऱ्या खेपेला बरगडी. तिसऱ्यांदा गेले तर सरळ पाठ! मी घरमालकाची सून, आणि मला पाठीचं हाड! वर आल्यावर मी उशीत तोंड खुपसून धुसफुसले. पण पुन्हा गेलेच. वयनी म्हणणारी बाय हळूहळू मला पोरी म्हणायला लागली होती, आणि तसं मला दुसरं कुणीच म्हणत नव्हतं.

सासूबाईंची तर वेगळीच तऱ्हा. बाय त्यांना केळीच्या पानाखाली झाकून एक ताटली वर पाठवी. पहिल्यांदा त्यांनी ती गोमूत्र शिंपडून परत केली. मग एकदा आजारातून उठल्यावर "औषध म्हणून" मागच्या गॅलरीत बसून खाल्ली. मग औषध चालूच राहिलं. वर मला टोमणा, "मला दर वेळी तंगडीच पाठवते हो ती. माणूस ओळखते."

आता हिराचं सांगायला हवं. मघापासून टाळते आहे.

खानावळ निघाली तेव्हा हिराला दिवस गेले होते. ती कधी ठाण्याला आईकडे, कधी इथे. दिसायला आईसारखी, ओठावर तीळ, आणि हसली की खांद्यापर्यंत हसायची. इथे असली की आम्ही दोघी मागच्या पायरीवर चिंचा खात बसायचो. बाळंतपणाला ती कोलशेतला गेली आणि परत आली नाही. बाळही गेलं. आम्हाला कळलं ते खानावळीचं दार बंद दिसलं तेव्हा.

दिवसकार्य झालं आणि बाय परत आली. मला वाटलं होतं, आता ही दुकान मोडेल. लेकीसाठी काढलेलं, लेकच नाही. पण तिने गावदेवीला हात जोडले आणि कढई चढवली. आमच्यासमोर ती रडली नाही. एकच गोष्ट करायची. दुपारी गिऱ्हाइकं आटोपली की जावयाचं पान मांडायची, त्यात पहिली निघालेली, सर्वांत मोठी तंगडी ठेवायची आणि म्हणायची, "जेवा, बापू."

बाळाराम त्याचं नाव. डोंबिवलीजवळच्या मानपाड्याच्या बाजूचा, शेतकऱ्याचा मुलगा. अबोल आणि फार सज्जन. खानावळीचं सगळं तोच बघायचा, कोंबड्या आणण्यापासून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाण्यापर्यंत. पण त्या तंगडीपुढे तो असा बसायचा, की बघवत नसे. बायकोमुळे मिळालेला मान आणि बायको गेलेली.  तंगडी संपेपर्यंत बाय समोरून हलायची नाही. एवढी माया आणि एवढी शिक्षा मी एका पानात कधी पाहिली नाही.

पुढच्या वर्षी भाताची कापणी झाल्यावर तो एकदा मागच्या दाराशी आला. मी धुणं वाळत घालत होते.

"वैनी, एक काम हाय. बायला सांगाल? माना जमत नाय."

त्याच्या घरी त्याच्या आईने मुलगी बघून ठेवली होती. आईला हाताखाली माणूस हवं होतं, तिचं वय झालं होतं. तोही एकटा किती दिवस राहणार? आणि लग्न झालं की बायचा तो कोण? हीच त्याला भीती. दुकान लेकीचं न् जावयाचं. लेक गेली. जावयाने दुसरीशी लग्न केलं, की त्याला ह्या चुलीपाशी उभं राहायचा हक्क काय? "दुकान गेला तं गेला," तो म्हणाला, "पन तिला वाटंल का मी हिराला इसरलू. ती माना दारात उभी करनार नाय." बोलता बोलता त्याचे डोळे भरले. मी म्हटलं, सांगते.

बाय तांदूळ पाखडत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही. मी बोलायची थांबले तेव्हा तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"पोरगी कंचे गावची?"

मी गाव सांगितलं.

"बरं," म्हणाली आणि उठून आत गेली. मला वाटलं, जिंकलं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम खाली गेले. बाळारामचं पान रोजच्या जागी नव्हतं. तो हात धुऊन उभा, कुठे बसावं कळेना. बाय चुलीजवळून ओरडली, "अरे ए, उभा काय रायलास? पानी भर आदी! मंग बस हितं, चुलीम्होरं." बापू नाही, जेवा नाही. अरे ए! खानावळीत चार-दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. त्याने मुकाट्याने पाणी भरलं. चुलीपाशी जमिनीवर बसला. बायने कढईत तळाशी राहिलेला पाठीचा तुकडा काढला, त्याच्या ताटात टाकला आणि वर म्हणाली, "जेवलास का ताट घासून ठेव."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तो तुकडा खाल्ला, हाडासकट चावून खाल्ला म्हणा ना. ताट घासलं, पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची किल्ली खिळ्याला अडकवलेली होती आणि तो गेला होता.

मी अशी तडतडत खाली गेले, की सासूबाई वरून हाका मारत राहिल्या, तिकडे लक्षच दिलं नाही.

"बाय, हे तुम्ही चांगलं केलं नाहीत! लग्न करावंसं वाटलं हा त्याचा गुन्हा? तुमच्या हिराला त्याने फुलासारखं जपलं. आणि तुम्ही त्याला चारचौघांत पाठीचं हाड वाढता? ताट घासायला लावता? नोकरासारखं?"

बाय किल्लीकडे बघत होती. मग माझ्याकडे.

"नोकरासारका?"

"नाहीतर काय? जावयाला कुणी असं वागवतं?"

"तो आते कंचा जावय, पोरी?" तिचा आवाज अगदी खाली आला. "हिरा गेली तवाच जावय गेला. मानाच सोरवत नव्हता. तंगरी ठेवली का वाटाचं, हिरा हाय अजून. आत चुलीपाशी बसलीय." तिने पदराने तोंड दाबलं. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तू परवा सांगलंस, तवा म्हनलं, आते पुरे झाला. आते याला घरचा करू. माना कुठं पोरगा हाय? ह्योच पोरगा. आपले पोराला कोन तंगरी देतं? तंगरी पावन्याची. घरचा मानूस मागनं जेवतो, पाठ खातो, ताट घासतो. तुजे घरी नाय असं?"



"म्हणजे ही सगळी गिऱ्हाइकं..."

"हां मंग! पयले दिशी पावना. रोज येतो त्याला काय पावना म्हनाचं? त्याला राग नाय येनार?"

"अहो, पण हे कुणाला सांगितलंत का नाही?"

"ह्यं काय सांगाचं असतं?"

मी तिथेच पायरीवर बसले. तो कारकून, तो पहिलवान, सगळे डोळ्यांसमोरून गेले. सगळ्यांना ती घरात घेत होती आणि सगळे तिला शिव्या घालत होते. वरच्या मजल्यावर टेचात तंगडी खाणाऱ्या सासूबाई आठवल्या, पण हसू आलं नाही. कारण लगेच मला माझं पान आठवलं. मी तर तिसऱ्याच खेपेला...

बाय उठली होती. तिने टोपलीतला कोंबडा काढला.

"चल माज्यासंगं," म्हणाली. "माना त्याचा घर ठावं नाय. लग्नात गेलते, तवा ररत व्हते, वाट कोन बगतंय."

घर मलाही ठाऊक नव्हतं. पण मी घरात कुणालाही न विचारता तिच्याबरोबर निघाले. लग्न झाल्यापासून असं मी पहिल्यांदाच केलं. डोंबिवलीला उतरलो आणि विचारत विचारत चालू लागलो. भात कापलेली शेतं, बांधांवर वाल फुललेला. तळलेल्या कोंबड्याचा डबा बायने फडक्यात बांधून पोटाशी धरला होता. वाटेत ती एकदाच बोलली, "पोरी, नाय आला तं?" मी म्हटलं, "येईल हो." माझी मलाच खात्री नव्हती.

बाळाराम खळ्यावर भात झोडत होता. आम्हाला बघून तो थिजला. त्याची आई बाहेर आली. तिच्यामागे दाराच्या चौकटीला टेकून एक सावळी मुलगी उभी होती, लगोलग आत पळाली. तीच असणार, झोडणीला हात लावायला आली होती.  शेवटी त्याच्या आईने घोंगडी टाकली आणि पाणी आणलं.

बायने पाणी घेतलं नाही. "पानं मांडा," म्हणाली. "मी जेवान आनलाय."

दुसऱ्याच्या घरात जाऊन ही बाई वाढायला बसली! पण कुणी अडवलं नाही. आम्ही बसलो. बाळाराम आला आणि लांब, भिंतीपाशी बसला. बायने पहिली तंगडी त्याच्या आईच्या पानात ठेवली. दुसरी हातात धरली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बालाराम. ही तुला पायजे असंल तं देतंय. बापू म्हनीन, वाकून बोलीन, आयुष्यभर मान देईन. पन मंग तू पावना. पावन्याला कोन दुकान देत नाय, न् पावन्याला कोन आपुन मेल्यावर खांदा द्या म्हनत नाय." दुसऱ्या हाताने तिने डब्याकडे बोट केलं. "नायतं पाठ हाय. काय देऊ?"

 मग हळूहळू त्याला उमजलं. मी ते त्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहिलं, आणि तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी ताट पुढे केलं.

"पाठ दे, आये," म्हणाला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

बायने ती तंगडी नेऊन दारामागच्या मुलीच्या हातात दिली. "तू अजून पावनी हायस. खाऊन घे. लगीन झाला का मिलनार नाय."

त्या घरात मग सगळेच रडत होते आणि थोडे हसतही होते. ते लग्न झालं. कल्याणची खानावळ बाळारामने पुढे पुष्कळ वर्षं चालवली. तंगडी त्याने विकायला ठेवली नाही. बाय गेली तेव्हा खांदाही त्यानेच दिला.

पण त्या दुपारचं एक राहिलंच. बाय त्याला वाढून माझ्याकडे वळली तेव्हा माझ्या पानात काय पडतं, ते बघायला मी खाली मान घालून बसले होते.  पंख, छाती, बरगड्या, सगळं डब्यात शिल्लक होतं. एका कोंबड्याला पाठ एकच असते. बायने ती मधोमध मोडली होती. अर्धी बाळारामला दिली होती, अर्धी तिने माझ्या पानात ठेवली.

"जेव, पोरी," म्हणाली, "न् मंग ताटं घासाला ये माज्याबरोबर."